वाड्यातला पलंग, फ्लॅटमधली खोली: जुनं लाकडी सामान नव्या घरात बसवण्याची रीत

सांगलीच्या गावभागात, खणभागात, मिरजेच्या ब्राह्मणपुरीत जुने वाडे एकेक करून उतरवले जात आहेत आणि तिथली कुटुंबं विश्रामबाग, वानलेसवाडी, कुपवाड रस्त्याकडच्या अपार्टमेंटमध्ये राहायला जात आहेत. माजघरातला शिसवी पलंग, ओटीवरचा झोपाळा, भिंतीतलं फडताळ, आजोबांची वेताची आरामखुर्ची यांचं काय करायचं, हे बहुतेक घरांत टेम्पो दारात येऊन उभा राहिल्यावर ठरतं. मग एक तर सगळं जुन्या सामानवाल्याला मिळेल त्या भावात जातं, नाहीतर सगळंच नव्या घरात येतं आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटचं गोदाम होतं. दोन्हींत नुकसान आहे, आणि दोन्ही टाळता येतात.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. जुनी वस्तू घरात आणायची ती वापरायला. तिला रोजचं काम द्या: कुणी तिच्यावर बसेल, झोपेल, तिच्यात पुस्तकं ठेवेल, तिच्यावर पोळ्या लाटेल. ज्या वस्तूला नव्या घरात कामच सापडत नाही, ती कितीही सुंदर असली तरी कोपऱ्यात धूळ खात पडते आणि पाच वर्षांनी तिला वाळवी लागलेली असते. पुढचं सगळं या एका कसोटीवर बेतलेलं आहे.

आधी यादी, मग टेप

वाडा सोडायच्या किंवा जुनं सामान विकत घ्यायच्या निदान महिनाभर आधी एक वही घ्या. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहा: लांबी-रुंदी-उंची, नव्या घरातली नेमकी जागा, आणि तिथे ती करणार असलेलं काम. तिसरा रकाना रिकामा राहिला तर वस्तू भावाबहिणींना द्या, गावाकडच्या घरी ठेवा किंवा विका. एका खोलीत एकच मोठी जुनी वस्तू, फार तर तिच्या जोडीला एक-दोन लहान, एवढं प्रमाण मला योग्य वाटतं. दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये पलंगाशेजारी सागवानी कपाट आणि शिवाय आरशाचं टेबल ठेवलं की माणसाला चालायला जागा उरत नाही, आणि तिघांपैकी एकाकडेही नीट लक्ष जात नाही.

खोलीची मापं सगळेच घेतात, वाटेची कुणी घेत नाही. फ्लॅटचं मुख्य दार साधारण तीन फुटांचं, आतल्या खोल्यांची दारं अडीच फुटांची. लिफ्टची उंची, जिन्याच्या वळणावरची जागा, पॅसेजची रुंदी मोजा. सुदैवाने जुने पलंग आणि बरीचशी कपाटं सुटी होतात. पलंगाच्या कोपऱ्यांत बोल्ट किंवा खिळी असते, मच्छरदाणीच्या दांड्या उपसून निघतात. सोडवताना प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना खडूने एकच आकडा टाका आणि फोटो काढा. हातकामाच्या पलंगाचे चारही कोपरे सारखे नसतात. डावीकडची पट्टी उजवीकडे बसत नाही, आणि ठोकून बसवायला गेलात तर कुसू (सांध्याच्या खाचेत बसणारं पट्टीचं टोक) फुटतो.

लाकूड तपासणं

घरची वस्तू असो की विकत घेतलेली, ती उलटी करून बघा. समोरून सगळंच चांगलं दिसतं, खरी हकीकत मागे, खाली आणि ड्रॉवरच्या तळाला कळते.

तळाच्या किंवा मागच्या न रंगवलेल्या जागी पॉलिश पेपरने बोटभर जागा घासा. सागवान सोनेरी-तपकिरी निघतं, हाताला किंचित तेलकट लागतं आणि त्याला ओळखीचा उग्र वास येतो. शिसव गडद, जांभळट-तपकिरी असतं आणि वजनाला चांगलंच जड. फिकट, हलकं, वासाचं नाव नसलेलं लाकूड वर गडद पॉलिश चढवून 'शिसवी' म्हणून विकलेलं असू शकतं. ड्रॉवर बाहेर काढून त्याच्या कोपऱ्याचे दाते बघा. हाताने कापलेले दाते थोडे असमान असतात. सगळे अगदी एकसारखे असतील तर काम यंत्रावरचं, म्हणजे बहुधा अलीकडचं. झिजेकडेही लक्ष द्या. खरी झीज हात आणि पाय लागतात तिथेच असते: खुर्चीच्या हातांवर, पायांमधल्या आडव्या पट्टीवर, कडी-कोयंड्याच्या भोवती. पाठीमागे, जिथे कुणाचा हात पोहोचत नाही तिथेही 'जुनेपणा' दिसत असेल तर तो कुणीतरी करून दिलेला आहे.

मग कीड. लहान गोल भोकं आणि खाली पिठासारखा बारीक भुसा दिसला तर लाकूड पोखरणारे भुंगे आत आहेत. भोकं आहेत पण भुसा नाही, असं असेल तर कीड जुनी आणि मेलेली असण्याची शक्यता जास्त. वस्तूखाली पांढरा कागद अंथरून आठवडाभर ठेवा, उत्तर मिळेल. वाळवी मातीच्या नळ्या करते, आणि ठोकल्यावर तिथे लाकूड पोकळ वाजतं. भुंगा बहुतेक सालीकडच्या फिकट लाकडात शिरतो. सागवानाच्या गाभ्याचं गडद लाकूड सहसा सुटतं, म्हणून एखाद्या पट्टीची फिकट कड खाल्ली गेली म्हणून सबंध पलंग टाकून देऊ नका. लाकडासाठीचं कीटकनाशक सिरिंजने भोकाभोकात भरून वस्तू मोठ्या प्लास्टिकमध्ये दोन-तीन दिवस गुंडाळून ठेवायची. हे हातमोजे घालून, उघड्या गच्चीवर, मुलांना लांब ठेवून करा. अशी वस्तू उपचार न करता घरात आणली तर तुमच्या नव्या प्लायवूडच्या किचनलाही धोका आहे.

पुरात भिजलेलं सामान

सांगलीत हा भाग टाळून पुढे जाता येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या घरांतलं कितीतरी सामान पाण्याखाली होतं. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्यामुळे गावभागातल्या तळमजल्यावरची कुठलीही जुनी वस्तू हाती आली की ती कधीतरी भिजली आहे असंच धरून चाला.

भिजलेलं अस्सल सागवान बहुतेक वेळा वाचतं. घात करतात त्या मागाहून ठोकलेल्या प्लायच्या पाठी, फुगलेला चिकटवलेला पापुद्रा, गंजलेले खिळे आणि सांध्यांतला सरस. हा जुना सरस प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला असतो आणि पाण्याने विरघळतो. म्हणूनच पुरानंतर खुर्च्या डुगडुगायला लागतात. लाकूड तसंच धड असतं, सुटलेले असतात ते सांधे.

गाळ वाळण्याआधी स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन काढायचा. वाळून गेला असेल तर ओल्या फडक्याने पुन्हा मऊ करून काढायचा, कोरडा खरवडायचा नाही, कारण गाळातल्या वाळूने पृष्ठभागावर ओरखडे पडतात. मग वस्तू सावलीत, चारही बाजूंनी वारा लागेल अशी, विटांवर ठेवून वाळू द्या. उन्हात ठेवाल तर बाहेरचं लाकूड आधी आकसतं, आतलं ओलं राहतं आणि उभी फट पडते. जाड पलंगाला वाळायला काही महिनेही लागतात. अडकलेले ड्रॉवर ओढून काढू नका, वाळले की आपोआप सैल होतात. पॉलिशचा विचार त्यानंतर. घाईने पॉलिश केलेल्या ओल्या लाकडावर सहा महिन्यांत पांढरे डाग आणि पोपडे येतात.

दुरुस्ती: खिळा शेवटी

डुगडुगणाऱ्या सांध्याला खिळा ठोकणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग पडणारी दुरुस्ती आहे. खिळ्याने कुसू चिरतो, आणि पुढच्या वेळी सुताराला अख्खी पट्टी बदलावी लागते. सांधा पूर्ण उघडा. जुना सरस कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ करून खरवडा आणि सुकू द्या. मग नवा लाकडी डिंक लावून शिकंजात किंवा सुतळीचा पीळ देऊन चोवीस तास आवळून ठेवा. जुन्या सरसावरच नवा लावला तर धरत नाही. कुसू झिजून बारीक झाला असेल तर त्याला त्याच जातीच्या लाकडाची पातळ कपची चिकटवून जाड करतात. असा सुतार शोधा जो हातात पटाशी घेतो. मॉड्युलर फर्निचर करणाऱ्या तरुण मुलांचं काम चांगलंच असतं, पण त्यांचा हात प्लाय आणि स्क्रूवर बसलेला असतो.

आपल्या भागाचं एक भाग्य आहे. मिरजेत सतार-तानपुरे घडवणारे कारागीर आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे लोक फर्निचर करत नाहीत आणि त्यांना ते सांगायला जाऊही नये. पण हाताने चढवलेलं लाखेचं पॉलिश कसं दिसायला हवं हे डोळ्यांना शिकवायचं असेल, तर त्यांच्या दुकानात टांगलेला एक तानपुरा उजेडात नीट बघून या. मग सुताराला 'असं पाहिजे' म्हणून सांगता येतं.

वेताची बैठक खाली लोंबली असेल पण तुटली नसेल, तर ती बदलायची गरज नसते. खुर्ची उलटी करून विणीच्या खालच्या बाजूला गरम पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवा आणि सावलीत वाळवा. वेत आकसून बैठक पुन्हा ताणली जाते.

पॉलिश करायचं की नाही

बहुतेक वेळा उत्तर 'नको' असं आहे. आधी मळ काढून बघा. कोमट पाण्यात दोन-चार थेंब सौम्य साबण, पिळून घेतलेलं फडकं, आणि लगेच कोरडं पुसणं. पन्नास वर्षांची धूळ, उदबत्तीचा धूर आणि तेलकट हात यांचा थर निघाला की खालचं पॉलिश शाबूत असल्याचं अनेकदा दिसतं. त्यावर मधमाशीचं मेण चोळलं तरी पुरतं.

पॉलिश खरंच गेलं असेल तर आधीचं कोणतं ते ओळखा. लपलेल्या जागी कापसाने थोडं स्पिरिट लावा. जागा चिकट झाली तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश आहे. त्यावर पुन्हा चपडाच चढवता येतो आणि सगळं खरवडायची गरज पडत नाही. स्पिरिटने काहीच झालं नाही तर तो ऑइलपेंट, किंवा मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) यांसारखा नवा रासायनिक थर असू शकतो.

जुना हिरवा किंवा निळा ऑइलपेंट असेल तर सावध राहा. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. असा रंग कोरडा घासायचा नाही. रंग काढायचं रसायन वापरा किंवा ओला घासा. चांगला मास्क लावा, आणि हे काम राहत्या घरात करू नका. रंग नीट चिकटलेला असेल तर काढूच नका, वरून नवा हात द्या.

पॉलिश कोरड्या दिवसांत, दिवाळीनंतर ते मेपर्यंत करा. पावसाळ्यात स्पिरिट पॉलिश हवेतली ओल ओढून पांढरट पडतं. ड्रॉवरचंही तसंच: जुलैत घट्ट झालेला ड्रॉवर रंध्याने तासू नका, डिसेंबरात तो ढिला पडेल. सरकणाऱ्या कडांवर मेणबत्ती घासली की काम भागतं.

एक सूचना जीवाशी संबंधित आहे. जवसाचं तेल लावलेली फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

घरात मांडणी

आता वस्तू तयार आहे आणि समोर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सचा, पांढऱ्या भिंतींचा हॉल आहे.

जुन्या लाकडाचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे शेजारचं लाकडी छापाचं लॅमिनेट. खऱ्या सागवानाजवळ छापील रेषा आल्या की दोन्ही फिकी पडतात. जिथे जुनी वस्तू येणार तिथली नवी कपाटं आणि टीव्हीचं युनिट एकरंगी ठेवा: मोतिया, राखाडी, मेंदी, फिकट निळसर. शिसवासारख्या काळपट लाकडामागे फिकी भिंत हवी. सोफा सरळ रेषांचा, बारीक पायांचा, बिनकोरीव घ्या. कोरीवकाम खोलीत एकाच ठिकाणी असू द्या. सोफ्याची आणि जुन्या खुर्चीची बैठक उंचीला दोन इंचांपेक्षा जास्त वेगळी नको, नाहीतर समोरासमोर बसलेली माणसं अवघडतात.

मग जुन्या वस्तूतला रंग किंवा धातू खोलीत आणखी एकदा येऊ द्या. फडताळाला पितळी कडी असेल तर पडद्याचा दांडा किंवा दिव्याची बैठक पितळी घ्या. खणाच्या कापडाच्या उशा, जत-आटपाडीकडचं घोंगडं टाइल्सवर, विट्याच्या मागावरची साधी सुती चादर, एवढ्याने जुनं आणि नवं एकमेकांशी बोलायला लागतं. घोंगड्याने टाइल्सची चकाकीही मरते, आणि जुन्या लाकडाला तेच हवं असतं.

उजेडावर खर्च करा. पांढऱ्याफटक ट्यूबखाली सागवान मातकट दिसतं. २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे लावा, आणि एक दिवा वस्तूच्या बाजूने, थोडा वरून येऊ द्या म्हणजे रेषा उठून दिसतात. जुनी हंडी किंवा पितळी दिवा विजेवर करायचा असेल तर वायर नवी घाला आणि धातूच्या भागाला अर्थिंग द्या.

काही वस्तू, त्यांची नवी कामं

पलंग जुन्या मापाचे असतात, तयार गादी त्यांवर सहसा बसत नाही. गादी मापाने करून घ्या. पलंग मुळातच उंच असतो, त्यावर आठ इंची गादी टाकली की चढायला पाट लागतो. चार इंचांची पुरे. काहीजण पाय कापतात. कृपा करून कापू नका. आतल्या बाजूने पट्ट्या मारून फळ्याच दोन-तीन इंच खाली घेता येतात, आणि पुढे कधीही पहिल्यासारखं करता येतं. पलंग चार फुटांच्या आसपास रुंद असेल तर तो हॉलमध्ये दिवाण म्हणून जास्त शोभतो.

सांगलीच्या गणपती पेठेतल्या व्यापारी पेढ्यांवर दिवाणजी ज्यावर खतावण्या लिहायचे, ती उतरत्या झाकणाची बैठी डेस्कं अजून घरोघरी सापडतात. तिच्या मापाचं साधं लोखंडी स्टँड करून घ्या, काळ्या पावडर कोटिंगचं. लिहिण्याची उंची २९ ते ३० इंचांवर आली की लॅपटॉपसाठी उत्तम जागा तयार होते. झाकणाखाली चार्जर आणि कागद राहतात. डेस्कला भोकं पाडू नका, स्टँडच्या चौकटीत ती नुसती बसू द्या.

भिंतीतलं फडताळ वाड्याबरोबर मातीत जातं असं लोकांना वाटतं. चौकट आणि दारं भिंतीतून हलक्या हाताने सोडवून घेता येतात, फक्त हे पाडकाम करणाऱ्याला आधी सांगावं लागतं. मागे वॉटरप्रूफ प्लायचा दहा-बारा इंच खोल खोका केला की पुस्तकांचं किंवा काचेच्या भांड्यांचं कपाट झालं. जुन्या दाराचं डायनिंग टेबलही होतं. सहा बाय तीनच्या दारावर सहा माणसं जेवतात. मात्र वर टफन्ड काच टाका, फळ्यांच्या फटींत वरण-भात शिरला की मुंग्या आणि झुरळं येतात.

घरचं जुनं स्टीलचं कपाट विकू नका. पत्रा आजच्यापेक्षा जाड असतो. औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंग करून देतात. गडद हिरव्या किंवा पिवळ्या रंगात तेच कपाट मुलांच्या खोलीत नव्यासारखं उभं राहतं.

झोपाळ्याबाबत मात्र हौस बाजूला ठेवा. वाड्यात तो जाड तुळईला टांगलेला होता, फ्लॅटमध्ये तुम्ही स्लॅबला भोक पाडणार आहात. बीममध्येच हूक घ्या, फॉल्स सीलिंगला कधीच नाही, आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. चौघं बसून झोका घेतात तेव्हा हूकवर येणारा ताण त्यांच्या नुसत्या वजनापेक्षा बराच जास्त असतो. पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे सोडा, फळी जमिनीपासून १७-१८ इंचांवर ठेवा. ही जागा नसेल तर झोपाळ्याच्या फळीला चार पाय लावून बाक करा. सुरेख दिसतो.

परदेशी राहणाऱ्या मुलांना काही पाठवायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावशेषांचा कायदा ध्यानात ठेवा. शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत.

वर्षभराची निगा

फ्लॅटमध्ये जुन्या फर्निचरचे पाय कुजतात ते रोजच्या लादी पुसण्याने. पाणी आणि फिनाइल पायाच्या तळातून वर चढतं, कारण तिथे लाकडाचे उभे तंतू उघडे असतात. तळाला दोनदा पॉलिश पाजा आणि रबरी बूट घाला. त्याने टाइल्सवर ओरखडेही येत नाहीत. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, दोन इंच अंतर सोडा. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन थेट पडत असेल तर दुपारी पडदा ओढा. पावसाळ्याच्या तोंडाशी सगळे ड्रॉवर आणि कपाटांचे कोपरे टॉर्चने तपासा, कडुनिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या ठेवा, आणि ऊन पडेल त्या दिवशी दारं उघडी टाका. दिवाळीच्या सफाईत मेणाचा एक हात द्या. झोपाळा असेल तर त्याच दिवशी शिडी लावून हूक आणि कड्या बघा: कडी जिथे कडीवर घासते तिथे ती आतून झिजते, आणि निम्मी झिजली की ताबडतोब बदलायची.